नवख्रिस्ती वाचकानें कोणतें भाषांतर घ्यावें ?

ज्यानें नुकताच ख्रिस्ती धर्म स्वीकारला आहे, त्यास पहिली अडचण पडते ती ही कीं, बायबलाचीं मराठी भाषांतरें अनेक. त्यांतील आपण कोणतें घ्यावें?

मूळ ग्रंथ हिब्रू, अरामी व ग्रीक या भाषांतील. पंडिता रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक शिकून, सामान्य बायाबापड्यांस कळेल अशा मराठींत संपूर्ण बायबल उतरविलें. १९२२ सालीं त्या निवर्तल्या. ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. संस्कृतांत पारंगत असलेल्या विदुषीनें सोपी भाषा निवडली, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

तेव्हां मार्ककृत शुभवर्तमानाचा एकच अध्याय दोन भाषांतरांत वाचावा. जें वाचून तो मजकूर घरच्या माणसास स्वतःच्या शब्दांत सांगतां येईल, तें एकांतवाचनासाठीं घ्यावें. मात्र आपल्या मंडळींत वाचलें जाणारें भाषांतरही जवळ असावें. शंका येईल तेथें दोन्ही ताडून पाहावीं. कॅथॉलिक बायबलांत ७३ व प्रोटेस्टंट बायबलांत ६६ पुस्तकें असतात, हेंही घेण्यापूर्वीं पाहावें.

भारदस्त शब्दांपुढें मान लवते खरी. परंतु जो शब्द उमगलाच नाहीं, तो आचरणांत कसा उतरावा?