परळची तिसरी पाळी

गिरण्या चालू होत्या तेव्हा मुंबईतलं परळ रात्रीही जागं असायचं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे एकेक भोंगा कायमचा बंद झाला. रात्रीचं काम मात्र इथून हललं नाही. फिनिक्स मिलमध्ये मॉल आला, कमला मिलच्या आवारात कार्यालयं आली. त्या कार्यालयांचा इंटरनेटचा सगळा कारभार ज्या राउटरवर चालतो त्याला हात लावायचा, तर मुभा मिळते ती मध्यरात्रीनंतरच. चालत्या नेटवर्कमधल्या राउटरच्या रिकाम्या स्लॉटमध्ये नवं मॉड्यूल बसवणं हे त्या वेळेतलं नेहमीचं काम. बाहेरच्याला ते चार स्क्रूंचं काम वाटतं.

मोठा राउटर एकसंध नसतो. मूळ पेटी, तिच्यात स्लॉट, आणि गरजेप्रमाणे स्लॉटमध्ये बसणारी कार्डं, म्हणजेच मॉड्यूल. कार्यालय वाढलं, फायबरची नवी लाइन आली, की पेटी तीच ठेवून कार्ड वाढवतात. या कार्डाचा सगळ्यात मोठा शत्रू बसवणाऱ्याच्याच अंगावर असतो, तो म्हणजे स्थिर वीज. चालताना, खुर्चीतून उठताना, सिंथेटिक शर्ट घासला तरी अंगावर भार साठतो. तो साधारण ३,००० व्होल्टच्या पुढे गेला तरच बोटाला चटका जाणवतो. काही नाजूक चिप मात्र १०० व्होल्टच्या आतच दुखावतात. म्हणजे माणसाला काहीच कळलेलं नसतं आणि कार्ड गेलेलं असतं. त्याहून वाईट म्हणजे अर्धवट दुखावलेलं कार्ड. ते त्या रात्री नीट चालतं आणि काही आठवड्यांनी भर दुपारी दगा देतं. तेव्हा त्या रात्रीशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही.

गिरणगावाला ही वीज नवी नाही. कोरड्या हवेत सूत तुटतं, तंतू भारित होऊन एकमेकांपासून फाकतात, म्हणून साचेखात्यात हवा मुद्दाम दमट ठेवत. मुंबईची समुद्राची हवा कापडधंद्याला मानवली त्यामागे हेही एक कारण होतं. आज त्याच आवारांतल्या सर्व्हर रूममध्ये एसी हवेतला ओलावा काढून घेतो. हवा फार कोरडी झाली तर स्थिर वीज, फार दमट झाली तर गंज. म्हणून अशा खोल्यांसाठी २००४ च्या अ‍ॅश्रे (वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेच्या) मार्गदर्शिकेत ४० ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता सांगितली होती. पुढे ही मर्यादा बरीच सैल झाली. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. थंडगार खोलीत ठेवलेलं सुटं कार्ड बाहेरच्या दमट पॅसेजमधल्या रॅकसाठी नेलं आणि लगेच पिशवीतून काढलं, तर त्यावर दव धरतं. ते पिशवीतच राहू द्यायचं, बाहेरच्या हवेइतकं कोमट झालं की मग उघडायचं.

स्थिर विजेवर उपाय आहे मनगटाचा पट्टा. कातडीला घट्ट टेकणारी पट्टी, तिच्यातून निघणारी गुंडाळीची वायर, टोकाला चिमटा. चिमटा राउटरच्या उघड्या धातूला किंवा त्यासाठी दिलेल्या खाचेत लावायचा. रंगावर लावला तर व्यर्थ. पट्ट्यात १० लाख ओहमचा रोध असतो. अंगावरचा भार त्यातून क्षणात उतरतो, पण चुकून २३० व्होल्टला हात लागला तरी अंगातून पाव मिलीअँपिअरहूनही कमी प्रवाह जातो. इतका विचार एवढ्याशा वायरीत केलेला आहे याचं मला फार अप्रूप वाटतं. पण पट्टा खरा ठरतो तो अर्थिंगमुळे. राउटरचा प्लग काढला की तिसऱ्या पिनची अर्थही निघते. म्हणून पेटीपासून रॅकला जाणारी हिरवी-पिवळी वायर स्वतंत्रपणे पक्की असावी लागते. जुन्या इमारतींत तर ती रॅकच्या पुढे जमिनीपर्यंत खरंच पोचते का, हे आधी मीटरने तपासून घ्यायला हवं.

प्लग काढायचा की नाही, हे मॉडेलवर ठरतं. सिस्को कंपनीच्या राउटरांच्या २९०० मालिकेत छोटं इंटरफेस कार्ड बसवायचं तर वीज बंद करावीच लागते. नंतरच्या ४००० मालिकेत एनआयएम नावाचं मॉड्यूल चालू राउटरमध्येही बदलता येतं, मात्र जुनं काढण्याआधी आज्ञा देऊन ते थांबवायचं. चालू पेटीत कार्ड घालता यावं यासाठी जोडणीच्या पिनांची लांबी मुद्दाम कमी-जास्त ठेवतात. अर्थची पिन सगळ्यात लांब, म्हणून ती आधी भिडते. मग वीज, शेवटी माहिती वाहणाऱ्या पिना.

अंगठी, कडं, गळ्यातली साखळी आधी काढून ठेवायची. कार्ड कडेने धरायचं, सोनेरी पट्ट्यांना बोट लावायचं नाही. दोन्ही बाजूंच्या खोबणीत ते सरळ बसलं की सारखा दाब देत आत सरकवायचं. अडलं तर जोर लावायचा नाही, बाहेर काढून पुन्हा बघायचं. आतली एक पिन वाकली तर पूर्ण पेटीच बाद होऊ शकते. रिकाम्या राहिलेल्या स्लॉटवर पत्र्याचं झाकण परत लावायचं, नाहीतर पंख्याची हवा तिथून निसटते आणि शेजारचं कार्ड तापतं. फायबरच्या तोंडात डोकावायचं नाही. १३१० किंवा १५५० नॅनोमीटरचा लेसर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

याच परळमध्ये १९२६ पासून केईएम रुग्णालय आहे, १९४१ पासून टाटा मेमोरियल हे कॅन्सरचं रुग्णालय आहे. कॅन्सर रुग्णालयांना जोडणारं नॅशनल कॅन्सर ग्रिड २०१२ मध्ये उभं राहिलं, त्याचं संयोजन टाटा मेमोरियल सेंटर करतं आणि गावोगावचे डॉक्टर त्यातून ऑनलाइन एकत्र बसून रुग्णांवर चर्चा करतात. रुग्णालयाला रात्र नसते. स्कॅनची चित्रं पहाटे तीनलाही एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जात असतात. अशा ठिकाणी राउटर दोन असावे लागतात आणि एकाला हात लावण्याआधी सगळी वाहतूक दुसऱ्यावर वळवावी लागते. आधी वळवून बघायचं, मगच पेटी उघडायची. सेटिंगची प्रत आधीच दुसरीकडे उतरवून ठेवायची.

गिरणीतल्या फिटरला जॉबर, म्हणजे मुकादम, घाई करायचा. इथे घाई करतो तो घड्याळातला चारचा आकडा, कारण तेव्हा रात्रीची मुभा संपते. पट्टा राहतो, अर्थ तपासायची राहते, ती त्या घाईत. म्हणून माझं म्हणणं असं की हे काम ज्याच्या हातात दिलं, त्याला ते पुढे ढकलायचा अधिकारही दिला पाहिजे, कंत्राटी असला तरी. मीटरने अर्थ बरोबर दाखवली नाही तर आज काम होणार नाही, एवढं त्याला वरिष्ठांना न विचारता म्हणता आलं पाहिजे.

कार्ड बसलं, दिवा हिरवा झाला, तरी तंत्रज्ञ लगेच निघत नाही. राउटरला कार्ड ओळखू येतंय का, नोंदीत त्याचा क्रमांक बरोबर उमटलाय का, त्रुटींची मोजणी शून्यावर थांबली आहे की वाढते आहे, हे काही वेळ बघत बसावं लागतं. मोजणी वाढत असेल तर फायबरचं टोक पुसून बघायचं, कारण त्यातला प्रकाशाचा मार्ग जेमतेम ९ मायक्रॉनचा असतो आणि धुळीचा एक कण तो अडवतो. सगळं ठीक दिसलं की दुसऱ्या राउटरवरची वाहतूक परत वळवायची, तीही एकदम नाही, थोडी थोडी.