दूध-संकलन केंद्रातील वीजवापर व उपमीटर

गावच्या दूध-उत्पादक संस्थेच्या इमारतीत बहुधा एकच वीजमीटर असतो. बल्क कूलर, भांडी धुण्याच्या पाण्याचा गीझर, पाण्याची मोटर, दूध-तपासणीचे यंत्र, कार्यालयातील पंखे व गोदामातील दिवे ही सर्व त्याच मीटरवर चालतात. महिनाअखेर बिलात एक आकडा येतो आणि तो खर्च शेवटी उत्पादकाच्या दरातूनच निघतो. बिल वाढले की पंख्या-दिव्यांकडे बोट दाखविले जाते. दोष मात्र पुष्कळदा शीतयंत्रात असतो. एका मीटरवरून तो ओळखता येत नाही.

कूलरला वीज किती लागावी याचा हिशोब कठीण नाही. ५०० लिटर दूध ३५ अंश सेल्सिअसवरून ४ अंशांवर आणावयाचे तर त्यातून सुमारे १७ युनिटांइतकी उष्णता काढावी लागते. चांगल्या स्थितीतील शीतयंत्र एका युनिट विजेत साधारणतः दोन ते तीन युनिट उष्णता बाहेर टाकते. म्हणजे ६ ते ९ युनिट वीज पुरावी. दूध ढवळणारी मोटर व टाकीत बाहेरून शिरणारी उष्णता धरून १० युनिट समजावे. तेवढ्याच दुधाला रोज १५ युनिट लागत असतील तर प्रथम कंडेन्सरच्या जाळीवरील धूळ व पशुखाद्याचा भुसा पाहावा. यंत्रामागे भिंत फार जवळ आहे काय, गॅस कमी झाला आहे काय, हे त्यानंतर तपासावे. जाळी ब्रशने साफ करण्यास खर्च काहीच येत नाही.

हा आकडा कळण्यासाठी कूलरच्या लाईनवर स्वतंत्र उपमीटर हवा. दुसरा गीझरवर लावावा. दिवे-पंख्यांसाठी वेगळा घेण्याची सहसा गरज नसते. उपमीटर मुख्य मीटरच्या पुढे, संस्थेच्या स्वतःच्या फलकावर, परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच बसवून घ्यावा. वीज कंपनीच्या मीटरला व त्याच्या सीलला हात लावू नये. कूलर तीन फेजचा असल्यास उपमीटरही तीन फेजचाच पाहिजे. मोठ्या भारासाठी सीटी वापरल्या असतील, तर त्यांपैकी एक उलटी बसली आहे काय हे पाहून घ्यावे. तसे झाल्यास नोंद खऱ्या वापराच्या तिसऱ्या हिश्श्यावर येते आणि यंत्र फार काटकसरी असल्याचा खोटा आनंद होतो.

बसविल्यावर उपमीटरची परीक्षा घ्यावी. एक-फेज मीटरच्या तबकडीवर एका युनिटास दिवा किती वेळा लुकलुकतो ते छापलेले असते. तो आकडा ३२०० असेल, तर १००० वॅटचा गीझर चालू असता मिनिटास सुमारे ५३ वेळा दिवा लुकलुकला पाहिजे. विद्युत्दाब २३० व्होल्टच्या आसपास असतानाच हे मोजावे. दाब उतरला की गीझरही कमी वीज घेतो.

आकडे रोज सकाळच्या संकलनापूर्वी, ठरलेल्या वेळी, दुधाच्या वहीतच लिटरच्या शेजारी लिहावेत. वेगळी वही केली की ती महिन्याभरात मागे पडते. मुख्य मीटरमधून उपमीटरांची बेरीज वजा केली की उरलेल्या जोडांचा वापर मिळतो. रात्री सर्व लाईनी बंद करूनही मुख्य मीटरचा दिवा लुकलुकत राहिला, तर विसरलेला एखादा जोड किंवा गळती शोधावी. मात्र डिझेल जनित्रावर कूलर चालला तर ती वीज उपमीटर मोजतो व मुख्य मीटर मोजत नाही. जनित्राचे तास न लिहिल्यास हिशोब जुळणार नाही.

इमारतीचा गाळा पिठाच्या गिरणीस भाड्याने दिला असल्यास उपमीटर लावून तिला वीज विकता येते असे काही संस्था समजतात. विद्युत अधिनियम, २००३ नुसार परवान्यावाचून वीज विकता येत नाही. गिरणीने आपली जोडणी स्वतंत्र घ्यावी.