सामायिक ज्ञानाची मांडणी



मुक्त संगणक-प्रणाली अनेकांच्या श्रमांतून घडते आणि तिच्या वापराचे ज्ञानही असेच अनेकांपाशी विखुरलेले असते. एकाला अडचण येते, दुसरा उपाय सांगतो. तो तिसऱ्याला सापडला नाही, तर तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो. म्हणून ज्ञान जमविण्याइतकेच ते लावून ठेवणेही महत्त्वाचे, असे मी मानतो.

घडियाळी पोळ येथे बोलताना याचा दाखला दूर शोधावा लागत नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बडोद्यास आणले. त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविली, ग्रंथपालांसाठी वर्ग काढला. फिरत्या पेट्यांतून पुस्तके खेड्यांपर्यंत पोहोचू लागली. नुसता ग्रंथसंग्रह म्हणजे ग्रंथालय नव्हे. वर्गीकरण, सूची आणि जाणता ग्रंथपाल यांमुळेच संग्रह वाचकाच्या उपयोगी पडतो.

हीच त्रयी संगणकालाही लागू पडते. 'ॲ' हे अक्षर घ्या. युनिकोड संकेतप्रणालीत त्याला स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. तत्पूर्वी 'अ'वर चंद्र देऊन ते साधले जाई. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला मात्र ती भिन्न वाटू शकतात. म्हणून शोधणाऱ्याला असलेली माहितीही सापडत नाही. अशा वेळी ग्रंथालयाच्या सूचीतील 'पाहा' ही नोंद कामी येते. वापरणारा ज्या शब्दाने शोधील, त्या प्रत्येक शब्दापासून योग्य उत्तराकडे वाट हवी. उपाय प्रणालीच्या कोणत्या आवृत्तीचा व कोणत्या तारखेचा, हेही लिहिलेले हवे. एरवी २००८ पूर्वीचा सल्ला आजही खरा मानला जाईल.

वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये 'विकी' ही पद्धत आणली. तिच्यात वाचकही मजकूर सुधारू शकतो. २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडिया याच पद्धतीवर उभा आहे. परंतु सर्वांना लिहिण्याची मुभा मिळाली म्हणजे मांडणी आपोआप होत नाही. शिळे काढणारा, दुहेरी नोंदी एकत्र करणारा कोणीतरी ग्रंथपाल लागतोच.

प्रश्न विचारण्यास संकोचणारा मराठी माणूस उत्तर न मिळाल्यास तक्रार करीत नाही; तो मुकाट्याने ती प्रणालीच सोडून देतो. त्याच्यासाठी एक नोंद नीट, मराठीत लिहून ठेवणे हे ग्रंथालयास पुस्तक अर्पण करण्याइतकेच मोलाचे कार्य आहे.