इंजिन सापडते, अंतरंग हरवते
विशेष प्रतिनिधी

मुंबईकरांच्या तीन पिढ्यांना पोटात घेऊन फिरलेली 'पद्मिनी' टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहराच्या रस्त्यांवरून कायमची गेली. या जातीची अखेरची टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती आणि मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने तिचा निरोप अटळ होता. खासगी मालकीच्या फियाट मात्र आजही अनेक सोसायट्यांच्या आवारात ताडपत्रीखाली उभ्या आहेत. वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेली ही गाडी पुन्हा मूळ रूपात पाहावी, अशी इच्छा बाळगणारी कुटुंबे थोडी नाहीत.

या इच्छेला खरा अडसर येतो तो गाडीच्या आत. इंजिनाचे पिस्टन, ब्रेकचे भाग, क्लचप्लेट यांची सोय जाणता मेकॅनिक कुठून तरी करतो. कारण टॅक्सीच्या धंद्यामुळे या भागांना अनेक वर्षे सतत गिऱ्हाईक होते. आसनाचे मूळ रेक्झीन, दाराचे पॅनेल, काच फिरवण्याचे हँडल, छताचे अस्तर, मीटरचा काचेचा डोळा या वस्तूंचे तसे नाही. त्या झिजल्या की फेकल्या गेल्या आणि त्यांच्या जागी हाताला लागेल ते बसवले गेले. त्यामुळे गाडीच्या पुनरुज्जीवनात सर्वाधिक वेळ आणि चिकाटी लागते ती अंतरंगालाच.

एकच चेहरा, अनेक गाड्या

शोधाला निघण्यापूर्वी आपली गाडी नेमकी कोणती, हे ठरवावे लागते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने मोटारी तयार होत. पन्नाशीच्या दशकातील गोलसर 'अकराशे' आपल्याकडे 'डुक्कर फियाट' म्हणून ओळखली गेली. १९६४ मध्ये 'फियाट ११०० डिलाइट' आली. पुढे हीच गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने विकली जाऊ लागली. इटलीत 'अकराशे'चे उत्पादन १९६९ मध्येच संपले. कुर्ल्यात मात्र ते विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालू राहिले.

एवढ्या दीर्घ काळात बाहेरचा चेहरा फारसा बदलला नाही, तरी आतले तपशील बदलत गेले. पुढचे सलग आसन आणि स्टीअरिंगच्या दांड्यावरचा गिअर ही जुन्या गाडीची ओळख. नंतरच्या काही आवृत्त्यांत सुटी आसने आणि जमिनीवरचा गिअर आला. म्हणून 'पद्मिनीचे हँडल द्या' एवढे सांगून काम भागत नाही. नोंदणी पुस्तकातील वर्ष, चॅसिस क्रमांक आणि शक्य झाल्यास त्या काळातील कंपनीचे सुट्या भागांचे पुस्तक जवळ असावे. या पुस्तकातील आकृत्या आणि भागांचे क्रमांक हाच पुढच्या साऱ्या प्रवासाचा नकाशा असतो.

पहिला शोध गाडीतच

अस्सल भागांचा सर्वात मोठा साठा पुष्कळदा खुद्द गाडीतच दडलेला असतो. नवी गाडी घरी आली की लगेच आसनांवर कव्हर चढवायची, ही आपली जुनी सवय. या सवयीने मूळ रेक्झीन उन्हापासून वाचवले. अनेक गाड्यांत एकावर एक चढवलेली दोन-तीन कव्हरे उतरवली की तळाशी कारखान्यातून आलेले आवरण सापडते. ते फाटलेले असले तरी मोलाचे असते, कारण शिलाईची रेषा, पट्ट्यांची रुंदी आणि पायपिंगची जाडी त्यावरून कळते. मूळ रंग पाहायचा असेल, तर आसनाची खालची दुमड, दाराच्या पॅनेलची मागे वळवलेली कड किंवा हँडलच्या चकतीखालची जागा पाहावी. तिथे ऊन पोहोचलेले नसते.

नेमक्या याच टप्प्यावर मोठे नुकसान होते. गाडी डेंटिंग-पेंटिंगला जाते, आतले सारे सामान उपसले जाते आणि कोपऱ्यातली फाटकी आसने, कुजलेली पॅनेले भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतात. महिन्याभराने कुशनचा कारागीर विचारतो, 'नमुना कुठे आहे?' तेव्हा उत्तर नसते. म्हणून भाग काढण्याआधी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक भागाचे स्क्रू आणि क्लिपा वेगळ्या पिशवीत घालून त्यावर चिठ्ठी लावावी आणि नवा भाग प्रत्यक्ष बसेपर्यंत जुना टाकू नये.

बाजारातील वाटा

गाडीत जे सापडत नाही, त्यासाठी बाजार धुंडाळावा लागतो. मुंबईत चोर बाजार आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड ही ठरलेली ठिकाणे. ज्या कुर्ल्यात या गाड्या जन्मल्या, त्याच कुर्ल्यात त्यांपैकी कितीतरी मोडीत निघाल्या. मुंबईबाहेर कोलकात्याचा मल्लिक बाजार, चेन्नईचे पुदुपेट आणि दिल्लीचे काश्मिरी गेट येथेही जुन्या मोटारींच्या सामानाचा व्यापार चालत आला आहे.

मात्र मोडीत निघालेल्या टॅक्सीकडून अंतरंगाची फार अपेक्षा ठेवू नये. टॅक्सीचालक आपली गाडी हौसेने सजवत. नक्षीदार छत, फुलाफुलांचे रेक्झीन, रंगीत दिवे हे तिचे वैभव. पण कारखान्याचे मूळ आवरण त्याखाली क्वचितच टिके. अंतरंगासाठी कमी वापरलेली, एका मालकाची खासगी गाडी मोडीत निघाली, तर ती अधिक उपयोगी. दुसरा स्रोत जुन्या सुट्या भागांच्या दुकानांचे माळे. तिथे कधीकाळी आलेला आणि न विकला गेलेला माल खोक्यासकट पडलेला असतो. मालक निवृत्त होताना किंवा दुकान बंद होताना हा माल एकदम बाहेर येतो. जुन्या मोटारींच्या क्लबमधील सभासदांशी ओळख ठेवली, तर अशी खबर वेळेवर मिळते.

'ओरिजिनल' हा शब्द बाजारात सर्रास वापरला जातो, म्हणून पारख स्वतः करावी. खऱ्या भागावर बहुधा साच्यातून उमटलेला क्रमांक किंवा कंपनीची खूण असते आणि तिच्या कडा स्वच्छ असतात. स्थानिक नकलेचे वजन, छिद्रांमधले अंतर किंवा क्रोमची झाक वेगळी पडते. जुना तुकडा सोबत नेऊन शेजारी ठेवून पाहावा; नजरेच्या अंदाजावर खरेदी करू नये.

इटलीत 'अकराशे'चे चाहते आजही आहेत, त्यामुळे तिथून माल मागवण्याचा मोह होतो. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. तिकडची गाडी डाव्या स्टीअरिंगची. डॅशबोर्डचा पत्रा, मीटरची मांडणी, गिअरच्या दांड्याचे भाग आपल्या गाडीला बसणार नाहीत. काचेचे हँडल, रबर बीडिंग, आतले छोटे दिवे अशा उजव्या-डाव्या बाजूचा भेद नसलेल्या वस्तूंबाबतच, तेही मापे ताडून, विचार करावा.

आसन, पॅनेल आणि क्रोम

जुन्या आसनाची रचना आजच्या आसनाहून वेगळी. लोखंडी चौकटीत स्प्रिंगा, त्यावर गोणपाट, त्यावर काथ्याचा किंवा कापसाचा थर आणि शेवटी आवरण. आजचा कारागीर हे सारे काढून फोमचा जाड ठोकळा बसवतो. काम झटपट होते, बसायलाही मऊ वाटते. पण आसन फुगीर दिसते आणि बसणाऱ्याची उंची बदलते. योग्य पद्धत अशी की चौकटीचा गंज काढून रंग द्यावा, तुटलेल्या स्प्रिंगा बदलाव्यात, गोणपाट नवे ताणावे आणि फोम वापरायचाच, तर पातळ थर मूळ आकाराच्या मर्यादेत वापरावा. त्या काळातील अनेक गाड्यांत रेक्झीनवरच्या उभ्या पट्ट्या शिवलेल्या नसून उष्णतेने दाबून उमटवलेल्या असत. साध्या शिलाई यंत्रावर त्या जशाच्या तशा येत नाहीत. म्हणून मूळ पट्टा थोडा जरी शाबूत असला, तरी तो स्वच्छ करून मध्यभागी वापरावा आणि न दिसणाऱ्या बाजू नव्या रेक्झीनच्या कराव्यात.

दाराच्या पॅनेलचा शत्रू पाऊस. काचेच्या फटीतून दारात उतरणारे पाणी तळाच्या छिद्रांतून वाहून जावे, अशी योजना असते. ती छिद्रे बुजली आणि पॅनेलमागचा प्लास्टिकचा पडदा हरवला की हार्डबोर्ड ओल शोषून फुगतो. नवे पॅनेल कापताना जुन्याचाच छाप घ्यावा, हार्डबोर्डच्या मागच्या बाजूला वार्निशचा हात द्यावा आणि पडदा न विसरता लावावा. मूळ रेक्झीन टिकाऊ असेल, तर ते हलक्या हाताने सोडवून नव्या हार्डबोर्डवर चढवता येते.

काचेची हँडले आणि चकत्या अनेकदा जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव असतात. त्यांवर फोड आले की नुसते क्रोम चढवून भागत नाही. आधी खड्डे भरून तांब्याचा थर, मग निकेल आणि शेवटी क्रोम हा क्रम पाळावा लागतो. जस्त आम्लात विरघळते, त्यामुळे घाईने केलेल्या प्लेटिंगमध्ये नक्षीच बोथट होते. किरकोळ डाग असतील, तर सौम्य पॉलिशवर समाधान मानणे शहाणपणाचे.

क्रम चुकला की काम दुप्पट

बसवण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी वायरिंग, मग फरशीच्या पत्र्याची गंजरोधक तयारी, त्यानंतर छताचे अस्तर, मग काचा, डॅशबोर्ड, पायाखालची मॅट, दाराची पॅनेले आणि सर्वात शेवटी आसने. छताचे अस्तर पोलादी कमानींवर ताणलेले असते आणि त्याच्या कडा पुढच्या-मागच्या काचेच्या रबराखाली जातात. काच आधी बसवली, तर ती पुन्हा काढावी लागते आणि जुनी काच तडकली, तर नव्या शोधाला आरंभ होतो. अस्तर मधल्या कमानीपासून दोन्हीकडे ताणत न्यावे. एका टोकापासून सुरुवात केल्यास सुरकुत्या पडतात.

अस्सल म्हणजे किती?

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे 'फिवा'ने, २०१२ मध्ये ट्युरिन सनद मान्य केली. इमारतींच्या जतनासाठीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेवर ती बेतलेली आहे. तिचा आशय असा की जे टिकले आहे, ते आधी जपावे. बदलणे भागच असेल, तर मूळ साहित्य आणि पद्धतीला प्राधान्य द्यावे आणि काय बदलले याची नोंद ठेवावी. आपल्याकडेही केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांहून अधिक जुन्या वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम लागू केले. मूळ स्वरूप राखलेली, चॅसिस, बॉडी वा इंजिनात मोठे फेरफार न झालेली वाहनेच त्यास पात्र ठरतात. म्हणजे 'डिलाइट' आणि पहिल्या 'पद्मिनी' गाड्यांच्या बाबतीत मूळ रूप हा आता निव्वळ हौसेचा विषय उरलेला नाही.

टॅक्सी गेल्याने या गाडीचा उरलासुरला मालही हळूहळू आटत जाणार. बाहेरून झगझगीत आणि आतून परकी अशी गाडी तयार करणे पैशाने साधते. ज्या आसनावर घरातली माणसे बसली, ते आसन टिकवायला मात्र ते भंगारात जाण्याआधी थांबवावे लागते.

हे लक्षात ठेवा

- गाडी उघडण्यापूर्वी आतील प्रत्येक भागाची छायाचित्रे घ्या.
- नवा भाग बसेपर्यंत जुना भाग, कितीही फाटका असला तरी, टाकू नका.
- कारागिराला काम देताना मूळ नमुना आणि मापे लेखी द्या.
- खरेदीला जाताना जुना तुकडा सोबत न्या.
- जे बदलले, त्याची वही ठेवा. पुढच्या मालकाला ती उपयोगी पडेल.