सायकलचे द्रवीय चकती गतिरोधक

चाकाच्या हबला बसविलेली पोलादी चकती द्रवाच्या दाबाने दोन्ही बाजूंनी आवळून सायकलचा वेग कमी करणारी यंत्रणा. खडकाळ व उताराच्या वाटांसाठी बनविलेल्या डोंगरी सायकलींमध्ये ती विशेषेकरून वापरतात.

इतिहास : चकती गतिरोधकाचे एकस्व ब्रिटिश अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये घेतले. मोटारींत हे गतिरोधक दुसऱ्या महायुद्धानंतर रुळले. कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात १९७६ मध्ये सायकलींची उतारावरील शर्यत सुरू झाली. तेथे मागच्या हबमधील गतिरोधक इतके तापत की, त्यांतील ग्रीस जळून जाई व ते पुन्हा भरावे लागे. यावरून शर्यतीला ‘रिपॅक’ हे नाव पडले. डोंगरी सायकलींवर द्रवीय चकती गतिरोधकाचा प्रसार १९९० नंतर झाला.

रचना व कार्य : हँडलवरील तरफ ओढली की मुख्य दट्ट्या नळीतील द्रवावर दाब देतो. बंदिस्त द्रवातील दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, या पास्काल यांच्या नियमानुसार तो चकतीजवळच्या पकडीतील दट्ट्यांवर पडतो व ते घर्षणपट्ट्या चकतीवर दाबतात. पकडीतील दट्ट्यांचे क्षेत्रफळ मुख्य दट्ट्याच्या चौपट असल्यास बल चौपट होते, पण सरकण्याचे अंतर एक-चतुर्थांश होते. द्रव जवळजवळ दबत नाही, हवा मात्र दबते. त्यामुळे नळीत थोडी हवा शिरली, तरी तरफेची हालचाल ती दाबण्यातच खर्ची पडते. तरफ मऊ लागते आणि प्रसंगी हँडलला टेकूनही चाक थांबत नाही.

उष्णता व द्रव : स्वार व सायकल मिळून १०० किग्रॅ. वस्तुमान १०० मी. खाली उतरले, तर सु. ९८,००० जूल ऊर्जा मुक्त होते. एवढ्या उष्णतेने सु. ३०० ग्रॅ. पाणी २०° से. पासून उकळबिंदूपर्यंत तापेल. वेग कायम ठेवल्यास हवेच्या रोधात जाणारा भाग वगळता ही बहुतेक उष्णता गतिरोधकांतच निर्माण होते. द्रव उकळला की त्याची वाफ हवेप्रमाणेच दबते.

या कामासाठी दोन प्रकारचे द्रव वापरतात. डॉट ४ हा ग्लायकॉल वर्गातील द्रव हवेतील आर्द्रता शोषतो. त्याचा उकळबिंदू कोरड्या स्थितीत किमान २३०° से., तर पाणी शोषल्यावर किमान १५५° से. असावा लागतो; म्हणून तो ठराविक काळाने, साधारणपणे वर्षातून एकदा, बदलतात. खनिज तेल आर्द्रता शोषत नाही. तथापि आत शिरलेले पाणी तळाशी, म्हणजे तप्त पकडीतच, साचते. दोन्ही द्रवांसाठी लागणाऱ्या रबरी कड्या वेगवेगळ्या असल्याने अदलाबदल केल्यास त्या फुगतात अथवा बिघडतात. गेवराईसारख्या तालुक्याच्या गावी मोटारसायकलींसाठीचे ग्लायकॉल तेल सहज मिळते. पण खनिज तेलाच्या यंत्रणेत ते घालणे धोक्याचे आहे. तरफेवर वा टाकीच्या झाकणावर छापलेले द्रवाचे नाव आधी वाचावे.

हवा काढणे : कारागीर या क्रियेस ‘ब्लीडिंग’ म्हणतात. प्रथम चाक व घर्षणपट्ट्या काढून पकडीत ठोकळा बसवितात, म्हणजे दट्ट्ये बाहेर येत नाहीत. तरफेवरील टाकी आडवी व सर्वांत उंच ठेवून तिच्या छिद्रावर नरसाळे लावतात. पकडीच्या तोटीला योग्य द्रवाने भरलेली पिचकारी जोडून तोटी उघडतात व द्रव खालून वर सावकाश ढकलतात. बुडबुडे स्वभावतः वर जात असल्याने ते द्रवाबरोबर नरसाळ्यात येतात. नळीवर हलके टिचकावल्यास चिकटलेले बुडबुडे सुटतात. तोटी बंद करून तरफ पुनःपुन्हा ओढतात. बुडबुडे थांबले व तरफ टणक लागू लागली की छिद्र बंद करतात. सांडलेला द्रव आयसोप्रोपिल अल्कोहॉलने पुसतात. तेल लागलेल्या घर्षणपट्ट्या बदलणेच श्रेयस्कर असते. डॉट द्रव रंग खातो, म्हणून तो लगेच धुवावा.

देखभाल : बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरील गोदाकाठची वाळू घर्षणपट्ट्या झिजविते, तर पावसाळ्यातील काळ्या मातीचा चिखल पकडीत वाळून दट्ट्ये अडकवितो. चिखलातून आल्यावर पकड साध्या पाण्याने धुवावी. चकतीवर वंगण मुळीच पडू देऊ नये. घर्षणद्रव्याची जाडी ०.५ मिमी. उरली की पट्ट्या बदलतात. १.८ मिमी. जाडीची नवी चकती साधारणपणे १.५ मिमी.पर्यंत झिजल्यावर बदलतात. चकतीवर कोरलेली किमान जाडी प्रमाण मानावी. चाक काढलेले असताना तरफ ओढू नये.

बालाघाटावरून बीडकडे येणाऱ्या मांजरसुंब्याच्या घाटासारख्या उतारावर तरफ सतत हलकी दाबून ठेवण्यापेक्षा थोडा वेळ जोराने दाबून सोडावी. त्यामुळे चकतीला निवण्यास अवधी मिळतो. उतरण्यापूर्वी उभ्या सायकलीची प्रत्येक तरफ घट्ट ओढून काही सेकंद धरावी. ती हळूहळू आत जाऊ लागल्यास यंत्रणेत गळती वा हवा आहे असे समजून दुरुस्तीपर्यंत उतार टाळावा.