रेस दिली की गाडी अडखळते?

हायवे ओलांडून कामावर जाणाऱ्या बाईला 'पिकअप'चं महत्त्व सांगावं लागत नाही. दोन्हीकडे बघायचं, ट्रक लांब आहे ना ते पाहायचं आणि रेस द्यायची. नेमकी त्याच वेळी गाडीने मान टाकली तर? माझ्या चौदा वर्षांच्या स्कूटरने हाच खेळ मांडला होता. उभी असताना गुणी, वेगात उत्तम, पण रेस देताना मधला एक क्षण मेलेली.

गॅरेजमध्ये उत्तर मिळालं, "मॅडम, तुम्ही रेस एकदम देता. लेडीजचं तसंच असतं." बरं! मग मी घरातल्या मेकॅनिककडे गेले. माझे सासरे, आप्पा, लुना आणि राजदूत अंगणात खोलून बसणारे. म्हणाले, "सूनबाई, तिला पेट्रोल कमी पडतंय. चोक थोडा ओढून बघ." गरम गाडीचा चोक जरासा ओढला आणि अडखळणं थांबलं! निदान तिथेच झालं.

मैत्रिणींनो, कार्बोरेटरचं काम हवा आणि पेट्रोल मिसळण्याचं. एकदम रेस दिली की हवा झटकन आत जाते, पेट्रोल मागे रेंगाळतं. मिश्रण आधीच सुकं असेल तर इंजिन उचकी देतं. पेट्रोल कमी पडायचं नेहमीचं कारण म्हणजे बारीक छिद्राचा 'पायलट जेट' तुंबणं. रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारायचो ना, तोच प्रकार. फक्त इथे पिन घालायची नाही, पितळेचं छिद्र मोठं होतं. स्प्रे आणि हवेचा दाबच हवा. गाडी महिना-महिना उभी राहिली की पेट्रोलचा चिकट थर बसतो. शिवाय आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते पाणी ओढतं, आणि त्याला जळायला हवा कमी लागत असल्यामुळे जुन्या सेटिंगवर मिश्रण आणखी सुकं होतं.

स्क्रूला हात लावण्याआधी एअर फिल्टर आणि प्लग बघा. प्लगचं टोक विटकरी असेल तर ठीक, पांढरं म्हणजे पेट्रोल कमी, काळं काजळलेलं म्हणजे जास्त.

जेट साफ करून घेतल्यावर सेटिंग आम्ही घरीच केलं. गाडी दहा मिनिटं फिरवून गरम केली, मोकळ्या जागी मेन स्टँडवर लावली. (मागचं चाक फिरतं. ओढणी, पदर आणि पोरं लांब!) कार्बोरेटरला दोन स्क्रू असतात. एक 'स्लो'चा, दुसरा मिश्रणाचा. इंजिन बंद करून मिश्रणाचा स्क्रू फेऱ्या मोजत हलकेच आत फिरवायचा, टेकला की थांबायचं. आवळायचा अजिबात नाही, टोक नाजूक असतं. मोजलेल्या फेऱ्या लिहून ठेवायच्या आणि तितक्याच परत बाहेर. मग गाडी चालू करून पाव-पाव फेरी. प्रत्येक वेळी थांबून ऐकायचं. आवाज सगळ्यात चढा आणि एकसारखा होतो ती जागा बरोबर. मग स्लो कमी करायचा. रेस न देता गाडी आपोआप पुढे सरकत असेल तर स्लो जास्त आहे. काही गाड्यांत हा स्क्रू हवेचा असतो, तिथे बाहेर काढल्यावर पेट्रोल वाढत नाही, कमी होतं. म्हणून गाडीचं पुस्तक आधी बघा. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक नव्या स्कूटरना कार्बोरेटरच नाही, त्यांचं दुखणं वेगळं.

ज्यांना हे घरी करायचं नाही, त्यांनी गॅरेजमध्ये "गाडी नीट चालत नाही" एवढंच सांगू नये. "थंडीत चालते, गरम झाल्यावर रेस देताना अडखळते, चोक ओढला की सुधारते" असं सांगा. जेट तुमच्यासमोर काढायला लावा, आणि स्क्रू किती फेऱ्यांवर होता ते विचारा.

माझ्या गाडीचा आकडा सव्वादोन फेऱ्या. सीटखालच्या डिकीत मार्करने लिहून ठेवलाय.