तालमींचा फड देशाच्या आखाड्यात

कुस्तीस कोणी धंदा म्हटले की आमच्या सुशिक्षित वर्गाच्या कपाळास आठी पडते. व्यायाम, ब्रह्मचर्य, मारुतीची उपासना एवढेच शब्द त्यास रुचतात. परंतु शुक्रवार पेठेतून पहाटे लंगोट खांद्यावर टाकून तालमीकडे जाणारा जो पोरगा दिसतो, त्याच्या दुधातुपाचा आणि बदामाचा हिशेब कोणास तरी चुकता करावाच लागतो. बहुधा तो त्याचा बाप करतो, आणि कित्येकदा कर्ज काढून करतो. तेव्हा कुस्तीच्या व्यवहाराविषयी उघड बोलण्यात कमीपणा आहे, असे आम्हांस वाटत नाही.

हा व्यवहार आज मुख्यतः जत्रा-यात्रांच्या मैदानांवर चालतो. यात्रा कमिटी वर्गणी गोळा करते, वस्तादांस निरोप जातात, जोडी ठरतात. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून आरंभ होऊन दिवस मावळताना मोठ्या इनामाची कुस्ती लागते. हलगी घुमते, माणूस तिकिटावाचून तासन् तास मातीत बसतो. एवढा प्रेक्षक फुकट लाभलेला दुसरा खेळ आमच्या भागात नाही. उणीव एवढीच की प्रत्येक मैदान तेथल्या तेथे संपते. मोहोळच्या मैदानात काय झाले याचा माळशिरसच्या मैदानाशी संबंध नसतो. शिवाय पावसाळा लागला की मल्लाची मिळकतही बंद.

अशा विखुरलेल्या मैदानांतून देशपातळीवरची संस्था उभी राहू शकते काय? अमेरिकेत राहिली, हे खरे. तेथे १९४८ साली स्थापन झालेल्या एका संघाखाली निरनिराळ्या प्रवर्तकांनी मुलूख वाटून घेतले होते, व एकाने दुसऱ्याच्या हद्दीत जाऊ नये असा संकेत होता. व्हिन्स मॅकमॅहन यांनी १९८२ साली वडिलांची कंपनी विकत घेतली, तो संकेत धाब्यावर बसविला आणि दूरचित्रवाणीच्या बळावर सारा देश काबीज केला. १९८५ साली त्यांनी ‘रेसलमेनिया’ भरविला, तोवर प्रांतोप्रांतीचे जुने प्रवर्तक हतबल होऊ लागले होते. अर्थात त्यांच्या कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो. आमच्या फडात अशा कुस्तीस ‘नूरा’ म्हणतात व प्रेक्षक ती सहन करीत नाहीत. त्यांच्यापासून घ्यावयाचे ते इतकेच की आजची लढत पाहणाऱ्यास पुढच्या लढतीची ओढ लागली पाहिजे.

हा प्रयोग आमच्याकडे झालाच नाही असेही नाही. मुंबईच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँग यांच्या नावावर लोटणाऱ्या गर्दीच्या आठवणी अद्याप सांगितल्या जातात. तेथेच १९६८ साली दारासिंगांनी लू थेझवर विजय मिळविला. पण ती गर्दी माणसाच्या नावाची होती. माणूस थकला, गर्दी ओसरली.

पुढे २०१५ साली प्रो रेसलिंग लीग निघाली. २०१९ नंतर ती कित्येक वर्षे खंडित राहिली. २०१८ साली पुण्याच्या बालेवाडीत झी टॉकीजने सहा संघांचे ‘महाराष्ट्र कुस्ती दंगल’ भरविले, पण तेही वर्षावर्षाचा नेम झाले नाही. याउलट २०१४ साली सुरू झालेली प्रो कबड्डी टिकली. कबड्डी मुळातच संघाचा खेळ. तेथे शहराचे नाव अंगास चिकटते. मल्लाच्या अंगास चिकटते ते तालमीचे नाव. लिलावात घेतलेल्या मल्लास कोणत्याही शहराचा गणवेश चढवला, तरी मैदानातील म्हातारा विचारतो, “पोरगं कुठल्या तालमीचं?” या प्रश्नाकडे पैसेवाल्यांनी कानाडोळा केला, असे आमचे मत आहे.

दुसरा अडथळा घरचाच आहे. १९५३ साली मामासाहेब मोहोळांच्या पुढाकाराने राज्य कुस्तीगीर परिषद उभी राहिली व १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’ची स्पर्धा सुरू झाली. तिच्या चांदीच्या गदेचा मान एवढा की ती एकाच खांद्यावर शोभे. आता संघटनांच्या भांडणापायी एका वर्षात दोन गदा निघतात. २०२३ च्या नोव्हेंबरात फुलगावला मोहोळचा सिकंदर शेख केसरी झाला आणि त्याच महिन्यात धाराशिवला शिवराज राक्षे. २०२५ साली अहिल्यानगर आणि कर्जत येथे तोच प्रकार. अहिल्यानगरला तर पंचाच्या निर्णयावरून मल्लाने पंचास लाथ मारण्यापर्यंत मजल गेली, आणि दोघा मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. लाथ निंद्यच, परंतु पंचाच्या निर्णयावर तत्काळ व उघड दाद मागण्याची सोय हवी, हेही तितकेच खरे.

आम्ही शाळेत शिकवीत होतो तेव्हा आमच्या वर्गात तालमीचा एक मुलगा असे. कानात माती, पहिल्याच तासाला डोळे मिटलेले. कवितेच्या तासाला आम्ही त्यास उभा करीत असू, याची आज लाज वाटते, कारण तो पहाटेपासून हजार जोर काढून आलेला असे. विशीत त्याचा गुडघा गेला. मैदानवाल्यांनी त्या दिवसाचे इनाम दिले, पुढे कोणी फिरकले नाही. तो आता रिक्षा चालवितो, आणि आमच्याकडून भाडे घेत नाही.

नव्या संस्थेस वर चढावयाचे असेल तर पायरी येथे आहे. जी संस्था मल्लाशी बारा महिन्यांचा करार करील, पावसाळ्यातही खुराक देईल आणि दुखापतीचा विमा उतरवील, तिच्याकडे चांगले मल्ल आपण होऊन येतील. मल्ल आले की प्रेक्षक येतील, आणि चित्रवाहिन्यांस मग आर्जवे करावी लागणार नाहीत. हे भांडवल आरंभी थोडे असले तरी चालेल. नियमित मात्र हवे.

सोलापुरात याचा आरंभ अवघड नाही. गड्ड्याची यात्रा आटोपल्यापासून महाशिवरात्रीपर्यंतचे रविवार घ्यावेत. जिल्ह्यातील आठ तालमींनी आपापल्या नावाने मल्ल उतरवावेत; माती तीच ठेवावी, पण वजनाचे गट आणि वेळेची मर्यादा पाळावी. गुणांचा तक्ता दर सोमवारी वर्तमानपत्रांस द्यावा. आमच्यापुरते सांगावयाचे तर तो आम्ही पहिल्या पानावर छापू. तिकीट माफक असावे, पण असावेच. आणि पंचांची नावे शनिवारी सायंकाळीच फलकावर लावावीत, म्हणजे ज्या तालमीस हरकत असेल तिला ती हलगी वाजण्यापूर्वी घेता येईल.